ठाण्यातला टाइप वन डायबेटिस असलेल्या मुलांच्या पालकांचा ग्रुप, दीड वर्ष वापरून बघितल्यावर

आजवर मी दोनच रिव्ह्यू लिहिलेत, एक मिक्सरचा (जळला) आणि एक घोडबंदरच्या एका थाळीवाल्याचा (भात गार). त्यामुळे माणसांच्या ग्रुपला स्टार कसे द्यायचे ते मला नीट कळत नाहीये, पण गेल्या महिन्यात तीन जणांनी वेगवेगळं विचारलं की तुम्ही त्या पालकांच्या ग्रुपमध्ये आहात ना, कसाय, जाऊ का, तर प्रत्येकाला तेच तेच व्हॉइस मेसेज पाठवण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. नाव लिहीत नाही. बोर्ड-बिर्ड, ऑफिस वगैरे काही नाहीये, पंचेचाळीसेक घरं आहेत, चालवणारे आपापल्या नोकऱ्या सांभाळून चालवतात, आणि नाव कुठे छापलं की पालकांच्या आधी काढेवाले आणि विमावाले पोचतात हे त्यांनी एकदा भोगलंय. ज्याला गरज आहे त्याला मुलाच्या डॉक्टरकडच्या डायबेटिस एज्युकेटरकडून नंबर मिळतो, आम्हालाही तसाच मिळाला.

आधी आमचं सांगतो. लेक तेव्हा सात वर्षांची. होळीच्या सुमारास एकदम पाणी पाणी करायला लागली, शाळेची बाटली तीन-तीनदा भरून घ्यायची, रात्री चार-पाच वेळा उठायची, दोनदा अंथरुणातच झाली तर बिचारीने सकाळी चादर कपाटामागे कोंबून ठेवली होती. वजन उतरत होतं, आम्ही म्हणालो उंची वाढतेय. एका डॉक्टरने लघवीचं इन्फेक्शन म्हणून औषध दिलं. चौथ्या दिवशी उलट्या, श्वास धापा टाकल्यासारखा, तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास, आणि त्या रात्री आयसीयू. शुगर ५००च्या वर, कीटोॲसिडोसिस (इन्सुलिन नसल्याने रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात ते), टाइप वन. म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकल्या. गोड जास्त खाल्लं, आम्ही लाड केले, असलं काही त्यात नसतं. हे मी सोसायटीच्या लिफ्टमध्ये इतक्या वेळा सांगितलंय की आता सहाव्या मजल्यावर सुरू केलं की तळमजल्याला बरोबर संपतं.

डिस्चार्जच्या दिवशी हातात एक पिशवी, त्यात इन्सुलिन टोचायची दोन पेन, सुया, ग्लुकोमीटर, स्ट्रिप्सचा डबा आणि एक चार्ट. शिकवणारी मुलगी चांगली होती पण अर्धा तासच होता आणि मागे पुढचे पेशंट उभे. घरी आलो आणि रात्री दोनचा अलार्म लावून मी आणि बायको मोबाइलच्या टॉर्चमध्ये झोपलेल्या लेकीचं बोट शोधत बसलो, चोरासारखे.

ग्रुपमध्ये नाव घातलं तरी पहिले दीड महिने मी काहीच वाचलं नाही, मला वाटलं सुप्रभात आणि गुलाबाची फुलं असणार (ती आहेतच, त्याबद्दल खाली). मग मे महिन्यातली एक रात्र. जेवून अडीच तास झालेले, लेकीची शुगर ३८४. माझे हातपाय गार, डोळ्यांपुढे परत आयसीयू, डॉक्टर फोन उचलेनात. ग्रुपने आम्हाला एक "जोडीघर" लावून दिलं होतं, म्हणजे नव्या घराला जवळपासचं एक जुनं घर, पहिले तीन महिने कधीही फोन करायचा. आमचं जोडीघर कळव्याचं, काकूंचा मुलगा चौदाचा आणि त्याला पाचव्या वर्षापासून आहे. फोन लावला, काकूंनी हॅलो-बिलो काही नाही, एकच विचारलं, "हात धुतले होते का तिचे?" आणि मी लेकीच्या हाताकडे बघतोय तर नखात हापूस. साबणाने हात धुतले, पुसले, परत टोचलं, १४२. आंब्याचा रस बोटाला असला तर मशीन तो पण मोजतं हे चार्टवर लिहिलेलं असेलही, पण रात्री साडेदहाला चार्ट बोलत नाही ना. काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, आमच्याकडे गूळपोळी होती, झोपा आता.

तर आता ग्रुपमध्ये काय काय मिळतं ते. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी नौपाड्यात एकांच्या क्लासच्या जागेत भेटतात, घरटी पन्नास रुपये चहा-नाश्त्याचे, बाकी फी नाही. बाकं दहावीच्या पोरांच्या मापाची आहेत, पाठ धरते. मुलं शेजारच्या खोलीत दंगा करतात. कधी एखादे डॉक्टर येतात, पण खरा माल असतो तो पालकांच्या बोलण्यात, कारण नाचणीची भाकरी आणि तांदळाची भाकरी खाल्ल्यावर दोन तासांनी काय होतं हे स्वतःच्या पोरावर बघितलेली माणसं तिथे बसलेली असतात. मागच्या वर्षी गणपतीच्या आधीच्या रविवारी वजनकाटा आणून उकडीचे मोदक मोजले. पीठ किती, गूळ किती, खोबरं किती, सगळं वेगळं तोलून मग हिशोब, तर आमच्या मापाच्या एका मोदकात साधारण बावीस ग्रॅम कार्ब्ज (शुगर चढवणारा पीठ-साखरेचा भाग, इन्सुलिन त्यावरून ठरतं) निघाले. एका आजींना हे सगळं अगदीच पाप वाटत होतं, देवाच्या नैवेद्याला काटा लावता म्हणून, पण त्याच वर्षी त्यांच्या नातीने पाच वर्षांत पहिल्यांदा दोन मोदक खाल्ले, मोजून इन्सुलिन घेऊन, तर काट्याला हळदकुंकू वाहायचंच काय ते राहिलं.

एक नियम मला खूप आवडला. डोस कोणी सांगायचा नाही. कोणी टाकलं की "आता चार युनिट देऊ का सहा", तर ॲडमिन ताई तो मेसेज उडवते आणि थेट फोन करून विचारते, डॉक्टरला लावला का, लागत नाही तर त्यांच्या असिस्टंटला लाव, तोवर कीटोन बघ, पाणी पाज, मी फोनवर आहे. फोनवर राहतेही. मला सुरुवातीला हा अडेलपणा वाटायचा की बाई एवढी वर्षं करताय, सांगा ना आकडा. आता कळतं की प्रत्येक पोराचा आकडा वेगळा आणि एकाचा दुसऱ्याला दिला तर घात.

दुसरं म्हणजे उसनवारी. जुलैतली शनिवार रात्र, धो धो पाऊस, माझ्याच हातून जेवणाआधीच्या इन्सुलिनचं नवीन कार्ट्रिज (पेनमध्ये घालायची काचेची नळी) लादीवर पडलं आणि फुटलं, शिल्लकीत एकही नाही (चूक माझी, संपायच्या आधी आणायचं हे शंभरदा सांगितलेलं). जवळच्या केमिस्टकडे कार्ट्रिज नव्हतं, तो म्हणाला बाटली घेऊन जा, सिरिंज देतो, इन्सुलिन ते इन्सुलिन. मी जवळजवळ घेतलंच होतं. ग्रुपवर टाकलं तर दोन मिनिटांत तीन फोन, थांब, हात लावू नकोस. आपल्याकडे बाटल्यांत ४० युनिटवालं पण येतं आणि १०० युनिटवालं पण, ४०ची सिरिंज लाल टोपीची, १००ची केशरी, अदलाबदल झाली तर डोस अडीचपट होऊ शकतो, आणि वर आतलं औषध पण वेगळ्या वेगाचं. रात्री पावणेअकराला माजिवड्याच्या पुलाखाली एक दादा ॲक्टिव्हावर रेनकोट घालून उभे, डिकीत पोरीचा टिफिन, टिफिनमध्ये ओल्या फडक्यात गुंडाळलेलं न उघडलेलं कार्ट्रिज. नाव पण नीट कळलं नाही त्या रात्री. उसनं आठवड्याच्या आत परत करायचं, तेवढीच किंवा जास्त एक्सपायरी असलेलं, हा नियम. पेन आणि सुया मात्र कोणाच्या कोणाला कधीच नाही.

हे सगळं नसतं आणि फक्त शनिवारची पाळी असती तरी मी ग्रुपला पूर्ण मार्क दिले असते. झालं असं की आजार कळल्यापासून आठ महिने मी आणि बायको एकत्र घराबाहेर पडलोच नव्हतो. एक जण कायम ड्युटीवर. माझी आई आमच्याकडेच असते, जिवापाड करते, पण सुई बघितली की तिचेच हात थरथरतात, आणि बायकोची बहीण एकदा म्हणाली होती, ठेवा की माझ्याकडे, एक तास तर आहे, आणि त्या एका तासात तिने लेकीला "शुगर आहे ना तुला" म्हणून भूक लागली तरी खायला दिलं नव्हतं. कोणावर रागवायचं. तर शनिवारी चार ते सात दोन घरं मिळून जास्तीत जास्त सहा मुलं सांभाळतात, पाऊस नसला की उपवनला, असला की कोणाच्या तरी क्लबहाउसमध्ये. आज तुम्ही सांभाळलं की तुमच्या नावावर एक पाळी जमा. पैसे नाहीत.

प्रत्येक मुलाचं एक कार्ड असतं, प्लास्टिकमध्ये घातलेलं, गळ्यात नाही तर सांभाळणाऱ्याच्या बॅगेत. त्यावर औषध, डॉक्टर, फोन हे सगळं येतंच, पण एक ओळ अशी असते की "शुगर उतरली की कशी दिसते". ही ओळ भरायला आम्हाला दोन दिवस लागले. कोणाचं मूल घामाघूम होतं, कोणाचं चिडतं, कळव्याच्या काकूंचा मुलगा म्हणे नुसता शून्यात बघतो. आमची लेक? बायकोने शेवटी लिहिलं, "अचानक फार प्रेमळ होते." खरंच होते. एरवी बाबाला किंमत शून्य आणि मध्येच गळ्यात हात टाकून "बाबा तू किती छान आहेस" आलं की मी आधी मीटर शोधतो. वाईट वाटतं, पण शोधतो.

पहिल्या शनिवारी तिला उपवनला सोडलं आणि आम्ही दोघं मामलेदारची मिसळ खायला गेलो, नंतर तलावपाळीच्या कठड्यावर. बोलायला काही सुचेना, मध्ये मोबाइल उलटा ठेवलेला आणि दोघांचं लक्ष त्याच्यावरच. साडेपाचला वाजला. काकू. "तुमची लेक मला म्हणतेय काकू तुमची साडी किती सुंदर आहे. मी ट्रॅकपँटवर आहे. म्हणून बघितली तर ५८, तीन चमचे साखर पाण्यातून दिली, पंधरा मिनिटांनी परत बघते, येऊ नका." बायको उभीच राहिली होती. मी म्हणालो, बस, त्या म्हणाल्यात येऊ नका. पंधरा मिनिटं आम्ही त्या तळ्यातल्या पॅडलबोटी मोजल्या. मग मेसेज, "९६. बिस्किटं खातेय. आता माझी साडी वाईट आहे म्हणाली." बायको हसायला लागली आणि हसता हसता रडायलाच लागली, शेजारी भेळ खाणारं कुटुंब सरकून बसलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा असं झालं होतं की शुगर उतरली आणि ती आमच्यापैकी कोणी बघितली नाही आणि तरी सगळं ठीक झालं.

डॉक्टर आहेत, पुस्तकं आहेत, व्हिडिओ तर ढिगाने आहेत. पण पोर दुसऱ्याच्या हातात देऊन तीन तास निघून जाता येईल असा हात या शहरात मला दुसरीकडे कुठे मिळाला नाही. नातेवाइकांकडे माया आहे पण त्यांना ५८ म्हणजे काय ते माहीत नाही, नर्सला माहितीये पण ती परवडत नाही आणि लेकीला ती नकोय.

माझ्या पाळीला मी टरकलो होतो हे पण लिहितो. सहा पोरं, सहा मीटर, सहा कार्डं. एक पाच वर्षांचा पठ्ठ्या ६२ला आला आणि ज्यूस प्यायलाच तयार नाही, तोंड घट्ट मिटलेलं. माझ्याकडे चॉकलेट होतं, मी ते पुढे केलं तर माझीच लेक ओरडली, "बाबा चॉकलेट नाही, हळू चढतं, त्यात फॅट असतं!" आठ वर्षांची. शेवटी ग्लुकॉन-डी चमच्यात घेऊन "हे अंतराळवीर खातात" अशी थाप मारली. चालली. पंधरा मिनिटांनी ८८.

शाळेचंही ग्रुपमुळेच मार्गी लागलं. शाळेचं म्हणणं होतं वर्गात सुई चालणार नाही, डब्याच्या वेळी आईने येऊन द्यावं, आणि बायको तीन महिने ऑफिसमधून हाफ डे टाकून जात होती. मग ग्रुपमधल्या दोघी जणी आमच्याबरोबर आल्या, त्यातली एक स्वतः शिक्षिका, आणि मराठीत एकच पान, ७०च्या खाली गेली तर काय द्यायचं, किती वेळ थांबायचं, कधी फोन करायचा, बस. वकिली भाषा नाही, धमकी नाही. त्यांच्यातल्या एकीने मुख्याध्यापिकाबाईंचीच शुगर तपासून दाखवली, वातावरण एकदम बदललं. ज्यांची मुलं सीबीएसईला आहेत त्यांच्यासाठी, बोर्डाने २०१७ पासून परीक्षेला मधुमेही मुलांना शुगरच्या गोळ्या, फळ, पाणी बरोबर न्यायची परवानगी दिलीय, ते पत्रक कुणाकडून मागून घेऊन ठेवा, पर्यवेक्षकाला माहीत नसतं.

आणि १४ नोव्हेंबर. त्या दिवशी बालदिन पण असतो आणि जागतिक मधुमेह दिन पण, कारण तो फ्रेडरिक बँटिंगचाही वाढदिवस, ज्याने १९२१ला टोरंटोत चार्ल्स बेस्ट या सहकाऱ्याबरोबर इन्सुलिन शोधलं. मुलांनी छोटं नाटक बसवलं होतं, जानेवारी १९२२मध्ये पहिलं इंजेक्शन मिळालेला चौदा वर्षांचा लिओनार्ड थॉम्प्सन वगैरे. त्याची भूमिका कोणालाच नको, कारण बँटिंगचे प्रयोग कुत्र्यांवर झाले हे कळल्यावर सगळ्यांना कुत्राच व्हायचं होतं. शेवटी एक बँटिंग, एक थॉम्प्सन आणि नऊ कुत्रे. आमची लेक चौथा कुत्रा.

आता तक्रारी, कारण नुसतं गोड लिहिलं तर मी कोणीतरी आतला माणूस आहे असं वाटेल.

एक, आकड्यांची चढाओढ. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी टेस्ट झाली की काही जण रिपोर्टचा फोटो टाकतात, ६.८, खाली टाळ्या, अभिनंदन, दहावीचा निकाल लागल्यासारखं. आमचं तेव्हा ९.१ आलं होतं आणि बायको दोन महिने मीटिंगला यायला तयार नव्हती. आता फोटो टाकायला बंदी आहे पण तोंडी चालूच आहे.

दोन, काढेवाले. बाहेरचे नाही, आतला एक बाप. नव्याने आजार कळला आणि इन्सुलिन सुरू झालं की काही मुलांमध्ये उरलेल्या पेशी काही आठवडे किंवा महिने थोडं काम करतात, डोस खूप कमी लागतो, याला डॉक्टर लोक हनिमून म्हणतात (सात वर्षांच्या मुलीच्या आजीला हा शब्द समजावून सांगून बघा). या गृहस्थांनी त्याच काळात कुठलातरी काढा सुरू केला होता, श्रेय काढ्याला, आणि मीटिंगनंतर जिन्यात पत्ते वाटत होते. एका नव्या घराने ऐकून इन्सुलिन बंद केलं, पोराला ॲडमिट करावं लागलं. पोरगं वाचलं. गृहस्थांना काढलं, पण माझ्या मते दोन महिने उशिरा काढलं, भीड फार आहे या लोकांना.

तीन, जागा. नौपाडा स्टेशनजवळ म्हणून निवडलंय हे खरं, पण रविवार म्हणजे मेगाब्लॉक, दिवा-बदलापूरकडची माणसं दोन तास खाऊन येतात आणि कासारवडवलीवाले घोडबंदरला अडकून चहा संपल्यावर पोचतात. शनिवारची पाळी तर ठाण्यापुरतीच आहे. दिव्याच्या एक ताई एकदा म्हणाल्या, आम्हाला फक्त फोनवरचा ग्रुप आहे, तुमच्यासारखा हातातला नाही. ऐरोलीत एक फांदी सुरू करायची चर्चा वर्षभर चाललीये, चर्चाच.

चार, पैसा. दंडावर चौदा दिवस चालणारा, न टोचता सतत शुगर दाखवणारा सेन्सर लावणारी घरं आणि स्ट्रिप मोजून वापरणारी घरं एकाच बाकावर बसतात, आणि बोलणं नकळत सेन्सरच्या ग्राफवरच जातं. उसनवारीच्या डब्यात स्ट्रिप्स असतात पण मागायला हात पुढे येत नाही काही जणांचा. यावर कुणी काही केलेलं नाही अजून.

पाच, बाप. पंचेचाळीस घरांत नियमित येणारे बाप सात, मला धरून. बाकीचे गाडीत थांबतात, खरंच, खाली गाडीत. आणि मोठ्या मुलांसाठी काहीच नाही, काकूंचा चौदाचा मुलगा शनिवारी सरळ म्हणतो मी बेबीसिटिंगला येत नाही, आणि बरोबर आहे त्याचं.

सुप्रभातचे मेसेज रोज बारा ते पंधरा. म्यूट करा, पण जोडीघराचा नंबर म्यूट करू नका.

पाचपैकी चार देतो. मूल नुकतंच घरी आणलं असेल तर वाचत बसू नका, एज्युकेटरकडे नंबर मागा, आणि पहिल्या मीटिंगला दोघंही या, एकाने येऊन दुसऱ्याला घरी समजावण्यात अर्धं गळून जातं. आजी-आजोबांना पण आणा, वर्षातून दोनदा त्यांचा वेगळा रविवार असतो, माझ्या आईने तिथेच संत्र्याला इंजेक्शन देऊन देऊन हात बसवला आणि आता रात्री दोनचं टोचणं आठवड्यातून दोनदा तिच्याकडे आहे, टॉर्च लागत नाही तिला.

येत्या दुसऱ्या रविवारी नाश्ता आमच्याकडे आहे, दडपे पोहे. पोहे, खोबरं, साखर सगळं आधी तोलून फळ्यावर लिहून ठेवणार आहे, फक्त मागच्या वेळी कोणीतरी काटा घरी घेऊन गेलंय तो कृपया परत आणा.